धुण्याचं साबणपाणी विजेने निवळतंय काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रसायनशास्त्र शिकवतो. एक बादली, चार ॲल्युमिनियमचे पत्रे आणि एक पॉवर सप्लाय घेऊन खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी या भागात शाळांमधून आणि महिला मंडळांपुढे हा प्रयोग दाखवत असतो. प्रयोग संपला की प्रश्न सुरू होतात आणि घरी गेल्यावर फोनवर आणखी येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत, ज्यांनी विचारले त्यांच्याच शब्दांत. काही मुळात कन्नडमधून आले होते.

१. साबणाचं पाणी विजेने निवळतंय म्हणजे नेमकं होतंय काय?

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे आपल्याकडे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात उतरतं, त्याचे कापसासारखे पुंजके होतात आणि गढूळपणा त्यांना चिकटतो. विजेच्या पद्धतीत तुरटी टाकत नाहीत, पाण्यातच तयार करतात असं समजा. ॲल्युमिनियमचे पत्रे साबणपाण्यात उभे करून बॅटरीला जोडले की धन टोकाचा पत्रा हळूहळू विरघळतो आणि त्याच धातूचे पुंजके होतात. बहुतेक डिटर्जंटचे रेणू ऋणभारित असतात, ते या पुंजक्यांना जाऊन चिकटतात. त्याच वेळी ऋण टोकाच्या पत्र्यावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे उठतात आणि पुंजक्यांना वर ढकलतात. अर्ध्या तासात वर मळकट फेसाचा थर, खाली थोडा गाळ आणि मध्ये निवळ पाणी दिसू लागतं.

याला इलेक्ट्रोकोॲग्युलेशन म्हणतात. नाव नवं वाटलं तरी कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये १८८९ साली सांडपाण्यावर लोखंडी पत्रे आणि वीज वापरून पाहिली होती.

२. फेसच तर आहे. वाहून जातोय. त्यात एवढं वाईट काय?

फेस वाहून जातो, पण तो खालच्या गावाकडे जातो. आपल्या धुण्याच्या पावडरीत मुख्यतः तीन गोष्टी असतात. मळ काढणारं रसायन, म्हणजे बहुतेक वेळा लिनियर अल्किल बेन्झिन सल्फोनेट (पुढे एलएएस म्हणतो). पाणी मऊ करणारा धुण्याचा सोडा, फॉस्फेट किंवा झिओलाइट. आणि वजन भरायला सोडियम सल्फेट. एलएएस लिटरला काही मिलिग्रॅम असलं तरी माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. फॉस्फेट पाण्यात गेलं की केंदाळाला खत मिळतं. सोड्यातलं सोडियम जमिनीत साठतं, त्याबद्दल प्र. १२ पाहा.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात अशा डिटर्जंटची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १ मिलिग्रॅमपर्यंत. धुण्याच्या पहिल्या बादलीत तेच रसायन लिटरला काही शे मिलिग्रॅम असतं. न्हाणीचं पाणी आणि विहीर यांच्यात पाच-सात पावलंच असली की हा आकडा मनाला लागतो.

३. मग प्रत्येक घराने हे यंत्र बसवावं काय?

नाही. हा प्रयोग मी मनापासून दाखवतो, तरी पहिलं उत्तर हेच देतो.

एलएएस हवा लागली की जिवाणूंना सहज पचतं. मोकळ्या, श्वास घेणाऱ्या मातीत ते काही दिवसांत बऱ्यापैकी संपतं. जिथे हवा नाही, म्हणजे सेप्टिक टँकमध्ये किंवा काळ्या पडलेल्या तुंबलेल्या गटारात, तिथे ते जवळजवळ तसंच राहतं. त्यामुळे परसात जागा असेल, माती मुरमाड असेल आणि विहीर १५ मीटरपेक्षा लांब असेल, तर धुण्याचं पाणी आधी वाळू-खडीच्या गाळणीतून आणि मग केळी, कर्दळ, अळूच्या आळ्यात सोडणं हाच उत्तम उपाय. आपल्या आज्ज्या न्हाणीमागे केळी लावायच्या त्यामागे हाच शहाणपणा होता. त्यात वीज नाही आणि पत्रेही झिजत नाहीत.

विजेचा विचार करायचा तो या ठिकाणी:

खानापूरच्या पश्चिमेला खाली जांभा आहे. जांभ्याला भोकं आणि फटी असतात, पाणी गाळून न घेता तो सरळ खाली सोडतो. तिथे पावसाळ्यात भूजल जमिनीजवळ येतं आणि शोषखड्डा उलटा भरतो. अशा वाडीत विहिरीजवळ धुणं होत असेल तर पाणी आधी निवळून घ्यायला हवं.

बेळगाव शहरातल्या दाट गल्लीत अंगणच नाही. शहापूर, वडगावसारख्या भागात दार उघडलं की गटार.

आणि जिथे एका जागी खूप धुणं होतं, अशा लॉन्ड्री, वसतिगृह, लॉज, मंगल कार्यालयांसाठी प्र. १७ आहे.

सगळ्यांच्या आधी पावडर मोजून घ्या. मूठ भरून टाकायची सवय आहे, पण डब्यात चमचा ठेवला की बहुतेक घरांत वापर बराच कमी होतो. पाण्यात न गेलेलं डिटर्जंट काढावं लागत नाही.

४. तुरटीनेच होतंय तर वीज कशाला?

रास्त प्रश्न. २० लिटरच्या एका बादलीपुरतं बोलायचं तर साधारण १५ ग्रॅम तुरटीत तेवढंच ॲल्युमिनियम मिळतं जेवढं प्र. ५ मधल्या पत्र्यांतून येतं. वर तुरटी आम्लधर्मी असल्याने सोड्याचं पाणी थोडं सौम्यही करते. आठवड्यातून एकदाच मोठं धुणं असेल तर तुरटी वापरा, लाजण्यासारखं काही नाही.

विजेचे फायदे दोन. तुरटीबरोबर पाण्यात सल्फेट जातं, दर बादलीला सहा ग्रॅमच्या आसपास, ते इथे जात नाही. आणि बुडबुड्यांमुळे डिटर्जंट फेसाबरोबर वर येतं, ते नुसत्या तुरटीने तितकं येत नाही. रोज शंभर-दोनशे लिटर निवळायचं असेल तेव्हा हा फरक जाणवतो.

५. एका बादलीला काय काय लागतंय? माप सांगा.

२० लिटरची प्लास्टिकची बादली. शुद्ध ॲल्युमिनियमचे चार सपाट पत्रे, पाण्यात बुडणारा भाग १२ बाय १५ सेंटिमीटर. दोन पत्र्यांत एक सेंटिमीटर अंतर, मध्ये प्लास्टिकचे तुकडे अडकवून. पहिला आणि तिसरा पत्रा धन, दुसरा आणि चौथा ऋण. एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो १२ व्होल्ट, १० अँपिअरचा पॉवर सप्लाय आणि एक अँपिअर मीटर. वायरचा जोड पाण्याच्या वर ठेवा, तांबं पाण्यात बुडालं तर तेच आधी झिजतं.

करंट ५ अँपिअर ठेवला तर अर्धा तास. जास्त दाखवत असेल तर पत्रे थोडे वर उचला, कमी होतो. लक्षात ठेवायचा हिशोब एकच: अँपिअर गुणिले तास बरोबर २.५. फॅराडेच्या नियमाने एका अँपिअर-तासाला ०.३३६ ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळतं, म्हणजे बादलीला सुमारे ०.८४ ग्रॅम, लिटरला ४२ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात पत्रा याहून थोडा जास्तच झिजतो, कारण सोड्याचं पाणी विजेशिवायही ॲल्युमिनियम खातं. त्यामुळे काम झालं की पत्रे बाहेर काढून धुऊन ठेवा.

मधूनमधून लाकडी काठीने हळू ढवळा. वीज बंद केल्यावर फेस काढा (कसा, ते प्र. ८ मध्ये), तासभर थांबा आणि मधलं पाणी जुन्या सुती कापडातून गाळून घ्या.

हे माप कपडे विसळलेल्या पाण्याचं आहे. पावडरीत भिजवलेली पहिली बादली तशीच घेतली तर एवढ्याने भागत नाही. ती दोन-तीन विसळण्यांच्या पाण्यात मिसळा किंवा वेळ दुप्पट करा.

६. वीज किती जळतंय? गृहज्योतीत बसतंय काय?

१२ व्होल्ट आणि २.५ अँपिअर-तास म्हणजे बादलीला ३० वॅट-तास. रोज पाच बादल्या, म्हणजे १०० लिटर, तर महिन्याला साडेचार युनिट. पॉवर सप्लायची गळती धरून पाच-सहा. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, मोफत युनिट तुमच्या जुन्या सरासरीवर दहा टक्के, फार तर २०० पर्यंत, अशी ठरलेली आहेत. सरासरी ४८ युनिटांपेक्षा कमी असलेल्या घराला २०२४ पासून दहा टक्क्यांऐवजी वाढीव दहा युनिट मिळतात, तेव्हा आपलं बिल पाहून ठरवा. पत्रे महिन्याला सव्वाशे-दीडशे ग्रॅम झिजतील, तोही खर्च धरा.

७. घरातली जुनी स्टीलची ताटं वापरली तर चालतंय काय?

अजिबात नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल असतं. धन टोकाला जोडलं की ते पाण्यात उतरतं, आणि क्रोमियमचा जो विषारी प्रकार तयार होऊ शकतो त्यापुढे डिटर्जंट काहीच नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि रंग दिलेला पत्राही नको.

साधं लोखंड चालतं. पाणी आधी हिरवट, मग तांबूस होतं आणि गाळ गंजाच्या रंगाचा बसतो. सोड्याच्या पाण्यात लोखंड ॲल्युमिनियमपेक्षा बरं काम करतं (प्र. ९). फक्त ते पाणी पुन्हा कपड्यांना वापरू नका, डाग पडतात. फुटलेली ॲल्युमिनियमची पातेली सपाट करून चालतील, पण पत्रा सारख्या जाडीचा असला की सारखा झिजतो. बेळगावात उद्यमबागेकडे पत्र्याचं काम करणाऱ्यांकडून मापात कापून घेता येतो.

८. यात धोका काय आहे? पोरं घरात आहेत.

हे उत्तर पूर्ण वाचल्याशिवाय प्रयोग करू नका.

पहिला धोका हायड्रोजनचा. प्र. ५ च्या मापाने एका बादलीत लिटरभर हायड्रोजन तयार होतो. साध्या पाण्यातून तो उडून जातो, पण साबणपाण्यात तो फेसात अडकून राहतो. म्हणजे बादलीवरचा तो पांढरा थर हे पेटणाऱ्या वायूने भरलेले फुगे आहेत. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. एका प्रयोगाच्या वेळी मागे उभ्या असलेल्या मुलाने फेसाजवळ काडी ओढली. मोठा आवाज झाला, फेस सगळ्यांच्या अंगावर उडाला. कोणाला लागलं नाही, पण त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्या दिवसापासून मी बादली नेहमी उघड्यावर ठेवतो आणि आधी सगळ्यांच्या खिशातल्या काड्या, लायटर बाजूला ठेवायला सांगतो.

आपल्याकडे न्हाणीत बंब असतो, शेजारी चूल असते. तिथे हा प्रयोग कधीही करायचा नाही. बंद बाथरूममध्येही नाही. फेस काढण्याआधी वीज बंद करा, प्लास्टिकच्या झाऱ्याने काढून परसात पसरा आणि विरू द्या. पत्रे जोडलेले असताना वायर ओढू नका, ठिणगी तिथेच पडते.

दुसरा धोका मुख्य विजेचा. २३० व्होल्टची वायर पाण्यात कधीच नाही, डायोड लावूनसुद्धा नाही. पॉवर सप्लाय बादलीपासून लांब, उंचावर, कोरड्या जागी ठेवा. पाण्यात हात घालायचा तर आधी प्लग काढा.

९. सगळं सांगितल्यासारखं केलं, तरी पाणी दुधाळच राहतंय.

बहुतेक वेळा सोडा जास्त झालेला असतो. ॲल्युमिनियमचे पुंजके पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ५ ते ८ च्या दरम्यान चांगले धरतात. पाणी ९ च्या वर गेलं की ते पुन्हा विरघळू लागतात, आणि धुण्याचं पाणी मुळातच ९-१० असतं. आंघोळीचं पाणी निम्मं मिसळून पाहा. तरी होत नसेल तर थोडी तुरटी घाला किंवा लोखंडी पत्रे लावा. पीएच पट्ट्या शाळेच्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात.

१०. मीठ टाकलं की झटक्यात होतंय म्हणे?

मिठाने पाण्यातून वीज सहज वाहते, करंट वाढतो आणि काम लवकर झाल्यासारखं वाटतं. पण विरघळणारं ॲल्युमिनियम अँपिअर-तासांवर ठरतं, तो हिशोब मीठ बदलत नाही. उलट टाकलेलं सगळं सोडियम आणि क्लोराइड पाण्यात राहतं आणि जमिनीत जातं. धुण्याच्या पाण्यात वीज वाहायला पुरेसा सोडा असतोच. मीठ नको.

११. पंधरा दिवसांनी पत्रे पांढरे पडले आणि करंट येईना.

पत्र्यावर ऑक्साइडचा आणि, विहिरीचं पाणी जड असेल तर, चुन्याचा थर बसतो. दर बादलीला धन-ऋण टोकं उलटी करा, थर बसायला वेळ मिळत नाही आणि चारही पत्रे सारखे झिजतात. बसलेला थर चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाने चोळून निघतो.

१२. निवळलेलं पाणी झाडांना घालूया काय? पिकाला?

परसातल्या फुलझाडांना, केळीला, नारळाला घाला. कोथिंबीर, मेथी, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाजीला नको, कारण हे पाणी निर्जंतुक झालेलं नसतं. पिण्यासाठी, भांड्यांसाठी, जनावरांसाठी नाहीच.

शेताचं उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. विजेने डिटर्जंट, फॉस्फेट, मळ, कपड्यांचे बारीक धागे निघतात. सोडियम निघत नाही, एक कणही नाही. निवळ दिसणारं पाणी खारट असू शकतं. खानापूरच्या तांबड्या, भरपूर पावसाच्या जमिनीतून ते दरवर्षी धुऊन जातं. बैलहोंगल, गोकाक, अथणी, रायबागकडच्या काळ्या जमिनीत ते चिकणमातीला धरून बसतं, माती फुगते, छिद्रं बंद होतात, पाणी मुरेनासं होतं. कृष्णाकाठी खारपड जमिनीचं दुखणं आधीच आहे. तिथल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं एकाच तुकड्यात हे पाणी सोडू नये. ते सोडियम कमी करायचं तर पावडर कमी वापरणं एवढाच मार्ग.

१३. खाली उरतो त्या गाळाचं काय करायचं?

शंभर लिटरमागे कोरडा ॲल्युमिनियमचा गाळ बारा ग्रॅमच्या आसपास आणि त्यावर मळ. ओला असताना मात्र तो भरपूर दिसतो, कारण बहुतेक पाणीच असतं. वाळूच्या थरावर पसरून वाळवा, पावसापासून झाका. शेणखतात किंवा शेतात टाकू नका, हा गाळ फॉस्फरस घट्ट धरतो आणि पिकाला मिळू देत नाही. घरचा थोडासा असेल तर विहिरीपासून लांब, वाटेच्या भरावात पुरा. मोठ्या प्रमाणावर असेल तर प्र. १७.

१४. डिटर्जंट खरंच गेलं हे कसं कळणार?

रंगावर जाऊ नका. दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भरा, एकीत आधीचं पाणी, दुसरीत निवळलेलं. दोन्ही वीस वेळा जोरात हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. दुसरीत फेसाची कडाही उरली नसेल तर बरंचसं गेलं. प्रयोगशाळांतल्या प्रयोगांत ८० ते ९५ टक्क्यांपर्यंत घट मिळालेली आहे, घरच्या बादलीत त्याहून कमीच धरा. नेमका आकडा हवा असेल तर पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लूची चाचणी करतात. विहिरीचं पाणी तर एकदा तिथे दाखवाच.

१५. रिठा-शिकेकाई वापरली तर हे काहीच लागत नाही ना?

जमिनीसाठी ती केव्हाही बरी, त्यात सोडा नाही. पण रिठ्याचा फेस करणारा घटक माशांना विषारी आहे. रिठ्याचं पाणी मातीत सोडा, ओढ्यात किंवा तळ्यात नको.

साध्या तेलाचा साबण जड पाण्यात आपोआप साकळतो, चुन्याबरोबर त्याचा पांढरा थर होतो. त्याला वीज कमी लागते. ‘पर्यावरणपूरक’ लिहिलेल्या पावडरीत बहुधा फॉस्फेट नसतं, पण सोडा असतोच. पाकिटाची मागची बाजू वाचा. काही द्रवरूप डिटर्जंटमध्ये भार नसलेले रेणू जास्त असतात, ते पुंजक्यांना कमी चिकटतात. त्यांच्यासाठी प्र. १४ ची बाटली हाच पुरावा.

१६. ब्लीचिंग पावडर किंवा टॉयलेट क्लिनरचं पाणी त्यात आलं तर?

वेगळं ठेवा. ब्लीचिंग आणि आम्लाचा क्लिनर एकत्र आले की वीज नसतानाही क्लोरीन वायू सुटतो. तो छातीला घातक आहे.

१७. आमचं वसतिगृह आहे. रोज हजार लिटर धुणं. जमेल काय?

माझ्या मते हे तंत्र खरं इथलं आहे. प्र. ५ चाच डोस धरला तर हजार लिटरला १२५ अँपिअर-तास, १२ व्होल्टवर दीड युनिट आणि ४२ ग्रॅम ॲल्युमिनियम. घट्ट साबणपाण्याला दुप्पट-तिप्पट धरा. बादलीऐवजी वाहती टाकी, मग गाळ बसायला दुसरी टाकी, मग वाळूची गाळणी. हायड्रोजन जाण्यासाठी वरचा भाग उघडा, फेस काढायला माणूस ठरलेला. हे पाणी संडासाच्या फ्लशला आणि अंगण धुवायला परत वापरता येतं, उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्यांना त्याची किंमत सांगायला नको.

कोणी तुम्हाला टायटॅनियमवर धातूंच्या ऑक्साइडचा लेप दिलेले किंवा हिऱ्याच्या लेपाचे पत्रे विकायला येईल. ते विरघळत नाहीत, डिटर्जंट गोळा न करता जागच्या जागी जाळतात. प्रभावी आहेत, पण महाग. वीजही बरीच जास्त लागते, आणि पाण्यात क्लोराइड असेल तर क्लोरीनयुक्त नवी रसायनं तयार होऊ शकतात. आधी साधे पत्रे लावून बघा.

मोठ्या सोयीसाठी आणि गाळासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारून घ्या, १९७४ च्या जल कायद्याखाली सांडपाणी त्यांच्या अखत्यारीत येतं.

१८. असेच पत्रे लावून बेळगावचा बळ्ळारी नाला साफ होईल काय?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी येतो, आणि विचारणारा बहुधा वडगाव, येळ्ळूर, शहापूर शिवारातला असतो. पावसाळ्यात त्या नाल्याचं पाणी ज्याच्या भातात शिरतं त्याला दुसरा प्रश्न सुचणारच नाही. मला ‘होईल’ म्हणायला फार आवडलं असतं.

पण नाही होणार. नाल्यात शहराचं मैलापाणी, गाळ, पावसाचं पाणी सगळं एक झालेलं असतं. तिथे विजेचा बहुतेक भाग डिटर्जंटवर खर्चच होत नाही, आणि टनांनी गाळ उरेल तो टाकायचा कुठे? एवढ्या मिश्र पाण्याला जिवाणूंवर चालणारं शुद्धीकरण केंद्रच लागतं. विजेची पद्धत उगमाशी चालते, जिथे धुण्याचं पाणी अजून फक्त धुण्याचं पाणी असतं. शहरातल्या मोठ्या धुलाईच्या जागांनी ते आपल्या आवारात निवळलं तर नाल्यात तेवढं कमी जाईल. नाला साफ व्हावा ही शेतकऱ्यांची मागणी मात्र त्याने जुनी होत नाही, ती रास्तच आहे.

१९. पावसाळ्यात सगळं वाहूनच जातंय. तेव्हा बंद ठेवलं तर?

काळ्या जमिनीच्या भागात ठेवा, विहिरीपासून लांब असाल तर. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे उलट करा. तिथे मलप्रभेचा उगम आहे, पाऊस भरपूर, आणि पाणी वर आलेलं असताना अंगणातलं साबणपाणी विहिरीत शिरायला एक रात्र पुरते. उन्हाळ्यात वापरलं नाही तरी चालेल, पण जून ते सप्टेंबर बादली चालू ठेवा. छपराखाली, पण भिंती नसलेल्या जागी. पॉवर सप्लायवर पागोळ्या पडणार नाहीत असं बघून.